स्टिअरिंगचा प्ले : आधी शोधा, मग पाना उचला

पुणे शहरात आज नव्या गाड्यांची कितीही गर्दी झाली असली तरी जुन्या गाडीवर पोट असणाऱ्यांची संख्या थोडी नाही. नाना पेठेतील स्पेअर पार्टची दुकाने, भवानी पेठ, क्वार्टर गेट, मोमिनपुरा ते थेट कोंढव्यापर्यंतची लहान गॅरेजे, लेथवाले, वेल्डर या सर्वांच्या रोजीत जुन्या गाडीचा वाटा आहे. दुसऱ्या बाजूला आपले व्यापारी बंधू आहेत. नव्या गाडीचा हप्ता परवडत नाही म्हणून पंधरा-वीस वर्षांची मारुती, ओम्नी किंवा टेंपो माल ने-आण करण्यासाठी ठेवणारे. या दोघांची गाठ ज्या एका तक्रारीवर वारंवार पडते ती म्हणजे ‘स्टिअरिंगला प्ले आलाय’. कोणी म्हणतो स्टिअरिंग फ्री झाले, कोणी म्हणतो गाडी हातात राहत नाही, सरळ रस्त्यावरही झुलते.

तक्रार एक, कारणे दहा. आणि या दहा कारणांवर आपल्याकडे सर्रास चालणारा इलाज मात्र एकच : स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू अर्धा फेरा आवळणे. पाच मिनिटांचे काम, स्टिअरिंग लगेच घट्ट लागते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पंधरा दिवसांनी तेच गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजात उभे असते आणि तिथेही तोच स्क्रू आणखी पाव फेरा आवळला जातो. असे तीन-चार वेळा झाले की ज्या बॉक्सला काहीही झालेले नव्हते तो खरोखरच खराब होतो. मूळ दोष, बहुतेक वेळा एखादा झिजलेला बुश किंवा टाय रॉड एंड, जागच्या जागी राहतो. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, गॅरेजचे नाव जाते, आणि घाटात उतरताना काय होईल ते सांगता येत नाही.

कायद्याची हद्द आणि गाडीची हद्द

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील ९८ वा नियम स्टिअरिंगसंबंधी आहे. त्याचा आशय असा की स्टिअरिंग चांगल्या व भक्कम स्थितीत ठेवले पाहिजे, त्यातील ढिलाई स्टिअरिंग व्हीलवर ३० अंशांहून जास्त असता कामा नये, जोडरॉडच्या सर्व बॉल जॉइंटना रबरी टोपी असली पाहिजे, आणि बोल्ट किंवा पिनने जोडलेल्या जागा पक्क्या लॉक केलेल्या असल्या पाहिजेत. म्हणजे फाटलेला रबर बूट आणि स्प्लिट पिनच्या जागी घातलेली तार या नुसत्या गबाळेपणाच्या गोष्टी नाहीत, त्या नियमात बसत नाहीत. टेंपो, टॅक्सी चालवणाऱ्यांना हे ठाऊक असावे, कारण ८ वर्षांवरील व्यावसायिक वाहनाला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर नमुना २५ चा अर्ज करून, गाडी तपासून घेऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने भंगार धोरण आणले तेव्हा अनेकांची समजूत झाली की १५ वर्षे झाली म्हणजे गाडी गेलीच. पुण्यात तसे नाही. खाजगी गाडी निव्वळ वयामुळे भंगारात जात नाही, तपासणीत टिकली नाही तर जाते. आणि तपासणीत जुनी गाडी जिथे अडखळते त्या जागांपैकी स्टिअरिंग ही एक आहे. इंग्लंडमध्ये १९६० साली जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली तेव्हा तपासायच्या गोष्टी तीनच ठेवल्या होत्या : ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. यावरून या भागाची किंमत कळावी.

आता ३० अंश म्हणजे किती? ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंग व्हीलच्या कडेवर मोजले तर जवळपास १० सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्यासह पंजाच्या रुंदीइतके. ही कायद्याची शेवटची हद्द झाली, चांगल्या गाडीचे माप नव्हे. सुझुकीच्या बनावटीच्या जुन्या छोट्या गाड्यांच्या वर्कशॉप पुस्तकांत स्टिअरिंगच्या कडेवर ३० मिलिमीटरपर्यंतचा प्ले चालतो असे दिलेले आहे. म्हणजे कायद्याच्या हद्दीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. बॉक्सवाल्या जुन्या गाडीला थोडी जास्त मोकळीक द्यावी लागते, पण ‘पासिंग झालंय ना, मग चालतंय’ हा हिशेब चुकीचा आहे.

ही ढिलाई येते कुठून याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत स्टिअरिंग साधारण १६ अंश फिरवले की पुढचे चाक १ अंश वळते. चाकाला वळवणारा जो आर्म असतो त्याची लांबी १३ सेंटिमीटर धरा. त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटमध्ये फक्त १ मिलिमीटर झीज झाली तर चाक अर्ध्या अंशाहून थोडे कमी मोकळे राहते. पण तेच स्टिअरिंगवर येईपर्यंत ७ अंश होते, म्हणजे कडेवर सुमारे सव्वादोन सेंटिमीटर. नखाच्या जाडीइतकी झीज हाताला दोन बोटांएवढी लागते! अशा तीन जागी अर्धा-अर्धा मिलिमीटर गेला असेल तर कोणताही एक सांधा वाईट दिसत नाही, पण बेरीज मात्र तीन-साडेतीन सेंटिमीटर होते. ‘सगळे पाहिले, काही सापडले नाही, बॉक्सच गेला असणार’ हा निष्कर्ष इथूनच निघतो आणि तो बहुधा खोटा असतो.

ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. प्ले घेण्यात हाताचा अर्धा सेकंद गेला तर गाडी ८ मीटर चालकाचे न ऐकता गेली.

जे प्ले नव्हे, ते आधी वगळा

गिऱ्हाईक जे सांगते ते खरे असते, पण त्याने दिलेले नाव खरे असतेच असे नाही. म्हणून गाडी वर घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. कधीपासून? कोणत्या वेगाला? भरलेल्या गाडीला की रिकाम्या? आणि मागचे काम कोणते झाले होते? ६०-७० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि पुढे थांबते, तर ती बहुधा चाकांच्या बॅलन्सिंगची बाब आहे. ब्रेक मारल्यावरच गाडी एका बाजूला ओढते, तर ब्रेक पाहा. दोन बाजूंच्या टायरमध्ये हवा कमी-जास्त असेल, किंवा एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला जुन्या पद्धतीचा टायर असेल तरी गाडी झुलते. हवेचे माप घ्यायला दोन मिनिटे लागतात, ते प्रथम घ्यावे.

मालवाहू गाडीत आणखी एक फसवणूक होते. मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट ढिले झाले किंवा शॅकलचे बुश गेले की मागचा एक्सलच बाजूला सरकतो आणि गाडीला मागून वळवतो. चालकाला वाटते स्टिअरिंग फ्री आहे. पुढचे सगळे बदलून झाले तरी हा दोष जात नाही, कारण तो पुढे नाहीच. पद्मिनीसारख्या जुन्या मोटारीत स्टिअरिंगचा दांडा वरच्या बुशात ढिला होतो. व्हील वर-खाली हलवले की खडखडते. तेही दुरुस्त करावे, पण त्याचा चाके वळण्याशी संबंध नाही. प्ले म्हणजे फक्त फिरवण्यातली मोकळीक.

ती मोजायची पद्धत सोपी आहे. गाडी सपाट जागी, चाके सरळ. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, नाहीतर माप चुकेल. काचेतून हात घालून व्हील एका बाजूला हलके फिरवा, टायर हलायच्या बेतात आला की थांबा, व्हीलच्या कडेवर खडूची खूण करा. मग दुसऱ्या बाजूला तसेच. दोन खुणांतले अंतर पट्टीने मोजून कागदावर लिहा. हा आकडा कामाआधी लिहिला आणि कामानंतर पुन्हा लिहिला तर गिऱ्हाइकाशी वाद घालायचे कारणच राहत नाही.

दोन माणसे, अर्धा तास

आता मुख्य तपासणी. येथे पहिली चूक होते ती गाडी लगेच जॅकवर घेण्याची. चाके अधांतरी असली की सगळे सांधे मोकळेपणाने एकत्र फिरतात, कोण ढिला आहे ते कळत नाही. चाकांवर गाडीचे वजन असले पाहिजे. म्हणून गाडी खड्ड्यावर घ्या. खड्डा नसेल तर चारही चाके पक्क्या, रुंद फळ्यांवर चढवा, पुढे-मागे अटकाव लावा आणि हँडब्रेक ओढा. आत हेल्परला बसवा. त्याने स्टिअरिंग थोडेसेच, टायर हलू लागेल इतपतच, डावी-उजवीकडे एका लयीत हलवत राहायचे. त्याहून जास्त नाही. हेल्पर नवा असेल तर हे त्याला दोनदा सांगावे लागते.

आपण खाली जाऊन हालचालीचा पाठलाग करायचा. स्टिअरिंगच्या दांड्यापासून सुरुवात करा. खालच्या टोकाला कपलिंग किंवा क्रॉस जॉइंट असेल तर त्याच्या वरची बाजू आणि खालची बाजू एकाच वेळी फिरते का? पुढे बॉक्स. बॉक्सचे बोल्ट घट्ट आहेत का, की बॉक्सचे शरीरच हलते आहे? जुन्या गाडीत बॉक्स जिथे बसतो तो पत्रा गंजून फाटलेला असतो आणि बॉक्स चांगला असूनही डोलतो. मग बॉक्समध्ये जाणारा दांडा आणि बाहेर येणारा ड्रॉप आर्म यांच्यात किती उशीर आहे ते पाहा. तिथून मधला रॉड, पलीकडचा आयडलर आर्म, दोन्ही बाजूंचे टाय रॉड, त्यांचे एंड, आणि शेवटी चाकाचा आर्म. नियम एकच : हालचाल जिथे आत जाते आणि बाहेर येत नाही, तिथे चोर बसला आहे.

डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवा. बोट असे ठेवावे की त्याचा अर्धा भाग रॉडच्या टोकावर आणि अर्धा आर्मवर पडेल. सांधा चांगला असेल तर दोन्ही एकत्र सरकतात. गेलेला असेल तर बोटाखाली ‘टक’ असे स्पष्ट लागते. हे सांगून समजत नाही, एकदा हाताला लागले की विसरत नाही. मात्र बऱ्याच बॉल जॉइंटच्या आत स्प्रिंग असते. मोठ्या पकडीने दाबल्यावर असा सांधा वर-खाली थोडा दबतो. तो दोष नव्हे. आडवी ढिलाई हा दोष. हे न कळल्यामुळे चांगले एंड काढून फेकले जातात.

पद्मिनीचा विचार येथे वेगळा करावा लागेल. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आलेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती ३० ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली. पुण्यात हौशी लोकांनी आणि काही कुटुंबांनी ती अजून जपली आहे, आणि अशी गाडी हाताळू शकणारे मिस्त्री मात्र कमी होत आहेत. या गाडीत रॅक नाही, बॉक्स आहे. एका बाजूला बॉक्स व ड्रॉप आर्म, दुसऱ्या बाजूला आयडलर आर्म, मध्ये जोडरॉड. आयडलरकडे कोणी पाहत नाही. तो काही वळवत नाही, नुसता आधार देतो, म्हणून तो बिघडू शकेल असे वाटत नाही. पण त्याचा बुश झिजला की आर्म फिरण्याऐवजी वर-खाली डोलतो आणि एका बाजूचे चाक थोडे स्वतंत्र वागू लागते. तीन वेळा अलाइनमेंट, एकदा बॉक्स बदली, आणि शेवटी आयडलरचा बुश, हा क्रम या गाड्यांत नवा नाही. तो बुश पहिल्या दिवशी पाहिला असता तर मालकाचे बाकीचे पैसे वाचले असते.

अॅम्बॅसेडर दिसायला जुनी, पण तिला मूळपासून रॅक आणि पिनियन आहे. तिचा दोष रॅकपेक्षा चाकाच्या उभ्या सांध्यांत जास्त सापडतो. ते आट्यांचे असतात आणि त्यांना ग्रीस लागते. निपलवर चिखल किंवा रंग बसून तोंड बंद झालेले असते, वरून ग्रीस गन लावली तरी ग्रीस बाहेर सांडते, आत जात नाही. जुने काळे ग्रीस दुसऱ्या टोकाने बाहेर येईपर्यंत ग्रीसिंग झाले असे समजू नये.

१९८३ च्या डिसेंबरात आलेली आणि २०१४ पर्यंत निघालेली मारुती ८०० आणि तिची बहीण ओम्नी यांनाही रॅकच आहे. त्यांच्यात तीन जागा पाहाव्यात : बाहेरचे टाय रॉड एंड, रबर बूटच्या आतले रॅक एंड, आणि रॅकला शरीराशी धरून ठेवणारे रबर. आतला सांधा दिसत नाही. बूट बोटांनी दाबून आत चाचपावा आणि हेल्परला स्टिअरिंग हलवायला सांगावे. बूट फाटलेला असेल तर पुढे काय होणार ते ठरलेले आहे. पावसाळ्यात पाणी, बाकीचे आठ महिने धूळ, आणि रॅकच्या दात्यांवर गंज. बूटची किंमत आणि रॅकची किंमत यांची तुलना एकदा नाना पेठेतल्या दुकानात उभे राहून करावी.

जीपवाल्यांसाठी एवढेच की आधी पुढचे यू-बोल्ट आणि मधला बेल क्रँक पाहा, बॉक्स नंतर.

चाक उचलल्यावर

खालची पाहणी झाली की मगच जॅक. जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नये, घोडी लावावी. ज्या आर्मवर स्प्रिंग बसते त्याच आर्मखाली आधार द्यावा, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने सांध्याची ढिलाई लपून राहते. आता घड्याळाचे काटे डोळ्यांपुढे आणा. चाकाला ३ आणि ९ वर धरून हलवले आणि ते हलले, तर दोष बहुधा टाय रॉडच्या बाजूचा. १२ आणि ६ वर धरून हलले, तर किंग पिन, बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. यातले नेमके कोणते? हेल्परला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग, राहिली तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट. या एका युक्तीने किती तरी किंग पिनांची खोटी कामे वाचतील.

किंग पिनचे काम खरेच निघाले तर ते घाईने करू नये. नवे बुश दाबून बसवल्यावर त्यांना रिमरने, वरचा आणि खालचा एका रेषेत, माप द्यावे लागते. पॉलिश पेपरने घासून पिन ‘बसवणारे’ लोक आहेत. अशी पिन एका कडेवर टेकते आणि सहा महिन्यांत पुन्हा खडखडते. ज्या लेथवाल्याकडे लांब रिमर आहे आणि तो वापरायचा हात आहे त्याने हे काम अभिमानाने करावे आणि दामही नीट घ्यावा. असे हात आता मोजकेच उरले आहेत, पोरांना शिकवायची हीच वेळ आहे.

तो स्क्रू

एवढे सगळे पाहून निर्दोष ठरले, आणि दांडा फिरतो पण ड्रॉप आर्म उशिरा हलतो हे डोळ्यांनी दिसले, तरच बॉक्सला हात लावावा. बॉक्सची घडण अशी असते की चाके सरळ असताना आतल्या दात्यांची पकड सगळ्यात घट्ट, आणि दोन्ही टोकांना थोडी सैल. गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, म्हणून झीजही मध्यावरच होते. आता कोणी मध्यावरचा सगळा प्ले काढण्यासाठी स्क्रू आवळला की टोकांना, जिथे झीज झालेलीच नाही, तिथे दाते एकमेकांवर चढतात. वळणावर स्टिअरिंग जड होते आणि वळण संपल्यावर ते आपणहून सरळ येत नाही. कात्रजच्या किंवा खंबाटकीच्या उतारावर स्टिअरिंग वळलेल्या जागी अडकून राहणे हे चार बोटे प्लेपेक्षा शंभरपट वाईट आहे.

स्क्रू आवळायचा तर चाके अधांतरी करून, ड्रॉप आर्मपासून जोडरॉड सुटा करून. प्रथम दांड्याच्या बेअरिंगची मागे-पुढे ढिलाई शिमने घालवावी, मग स्क्रूला हात. एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा. दरवेळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहायचे. कुठेही अडखळले तर मागे यायचे. तेवढ्याने भागले नाही तर बॉक्स उघडण्याच्या लायकीचा झाला आहे, आणखी आवळण्याच्या नव्हे.

बॉक्स गेला कशाने हेही मालकाला सांगितले पाहिजे. बहुधा तेलाने, म्हणजे तेल नसल्याने. ड्रॉप आर्मच्या सीलमधून तेल गळते, कोणी भरत नाही, आणि कोणी हुशार माणूस ‘गळणारच नाही’ म्हणून बॉक्समध्ये ग्रीस ठासतो. ज्या बॉक्सला तेल सांगितले आहे त्याला तेलच लागते. ग्रीस पहिल्या दिवशी दाते सोडून बाजूला सरकते, मध्ये वाट पाडते आणि परत येत नाही. दाते कोरडेच फिरतात. सील स्वस्त आहे. बॉक्स आता सहज मिळतही नाही.

माल घेताना

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात काय मिळत नाही असे विचारावे लागेल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडचेही तसेच. तिथून दरवाज्याचे हँडल घ्या, दिवे घ्या, बॉक्सचे ओतीव घर घ्या. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि ड्रॉप आर्म मात्र वापरलेला घेऊ नये, कितीही चांगला दिसला तरी. नवा एंड घेताना बॉल बोटाने फिरवून पाहावा. तो जड फिरला पाहिजे, मान टाकता कामा नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा निमुळता भाग आर्मच्या भोकात पूर्ण बसतो का? लोकल मालात हा उतार कधी कधी थोडा वेगळा असतो. नट आवळून संपतो, पण आत टेपर बसलेलाच नसतो, आणि दहा दिवसांत भोक मोठे होते. निमुळत्या भागावर खडू घासून एकदा आत बसवून पाहावे. खडू सगळीकडून सारखा पुसला गेला तर माल घ्यावा.

जुना एंड सोडवताना आर्मवर घण घालू नये, पुलर वापरावा. वाकलेला आर्म गॅसने तापवून सरळ करणे किंवा ड्रॉप आर्मला वेल्डिंग मारणे ही कामे कोणी कितीही पैसे दिले तरी नाकारावीत. एंड काढताना तो किती फेऱ्यांत निघाला ते मोजून नवा तितक्याच फेऱ्यांत बसवावा, म्हणजे गाडी निदान अलाइनमेंटवाल्यापर्यंत नीट जाते. कॅसल नटचे भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवावा, मागे सोडून नव्हे. स्प्लिट पिन दरवेळी नवी. आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट मशीनवरून खाली उतरेपर्यंतच टिकते.

आता पैशाचा प्रश्न. पुण्यात कोथरूडला १९६६ पासून एआरएआयसारखी वाहन संशोधनाची संस्था आहे. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे १९८१ साली स्थापन झालेल्या झेडएफ स्टिअरिंग गिअर (इंडिया) या कंपनीचा ट्रक-ट्रॅक्टरची स्टिअरिंगे बनवणारा कारखाना आहे. यंत्राने चालणाऱ्या तपासणी केंद्रांत चाकाखालच्या लोखंडी पाट्या सरकवून सांध्यांची ढिलाई पाहतात. पेठेतल्या मिस्त्रीजवळ यांपैकी काही नाही, पण त्याची दोन माणसे आणि अर्धा तास हे काम चांगले करू शकतात. अडचण एवढीच की या अर्ध्या तासाचे तो पैसे मागत नाही, म्हणून ते पार्ट बदलण्यातून काढावे लागतात, आणि मग नको तो पार्टही बदलला जातो. डॉक्टर तपासणीची फी घेतो तशी मिस्त्रीने शोधण्याची मजुरी वेगळी लावावी आणि बिलावर तसे लिहावे. मालकांनीही ती देताना कुरकुर करू नये. चाळीस रुपयांचा बुश शोधून देणाऱ्याला बुशाचेच चाळीस द्यायचे, आणि न शोधता हजारोंचा बॉक्स बदलणाऱ्याला बॉक्सची मजुरी द्यायची, हा उलटा व्यवहार मालकांनीच चालू ठेवला आहे.

काढलेले पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावेत. त्याने काम अर्धवट ठेवायला सांगितले तर बिलावर ‘स्टिअरिंगचे काम बाकी, गाडी घाटात नेऊ नये’ असे लिहून त्याची सही घ्यावी. काम पूर्ण झाले असेल तर एक ट्रायल घ्यावी, त्यात वळण घेऊन हात सैल सोडला की स्टिअरिंग आपोआप मागे येते का ते पाहावे, खडूच्या खुणांमधले नवे अंतर जुन्या आकड्याशेजारी लिहावे, आणि दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा पाहण्यासाठी गाडी परत बोलवावी. या फेरीचे पैसे लावू नयेत.